सांगणे कोणते, विचारणे कोणते?

चौदा एप्रिलची जयंती असो, सव्वीस जानेवारी असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, पाहुणे भाषण संपवता संपवता पुढे बसलेल्या लहानग्यांकडे पाहून म्हणतात, "बाळांनो, कुणाला काही प्रश्न विचारायचा आहे का?" लगेच दहा-वीस हात वर होतात. पाहुणे एकाकडे बोट दाखवतात. तो उभा राहून म्हणतो, "आमच्या शेळीला दोन करडं झाली." दुसरी म्हणते, "माझे पप्पा पुण्याला गेलेत." तिसऱ्याला काही आठवत नाही, पण हात वरच असतो. सगळी सभा हसते, बाई डोळे वटारतात आणि ते लेकरू खाली बसते. आपले काय चुकले हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी त्याचा हात वर येत नाही.

असे प्रसंग आम्ही बालवर्गाच्या निमित्ताने अनेकदा पाहिले आहेत. आमचे म्हणणे असे की, हसण्यासारखे त्यात काही नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला "विचारायचे आहे का?" याचा अर्थ "बोलायचे आहे का?" असाच लागतो. त्याला बोलायचे असते, म्हणून ते बोलते. सांगणे निराळे आणि विचारणे निराळे, हा भेद आईच्या दुधाबरोबर येत नाही. तो कुणीतरी दाखवून द्यावा लागतो. ज्या घरात दाखवणारे कुणी असते तिथले मूल शाळेत पुढे बसते. ज्या घरात नसते तिथल्या मुलाला लवकरच "मठ्ठ" हे विशेषण चिकटते. आपल्या वस्त्यांतील मुलांना ते किती सहज चिकटवले जाते हे वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणून हा विषय व्याकरणाच्या तासापुरता नाही. तो घरातला आहे आणि आपल्या सर्वांचा आहे.

देणे आणि मागणे

शाळेच्या पुस्तकात विधानार्थी वाक्य, प्रश्नार्थी वाक्य अशी नावे असतात. मोठ्या वर्गात ती उपयोगी पडतात, पण पाच वर्षांच्या मुलापुढे ती नावे म्हणजे दगड. त्याला वाक्याचे नाव नको, वाक्याचे काम सांगावे.

काम सोपे आहे. सांगणारा काहीतरी देतो आणि विचारणारा काहीतरी मागतो. "आज भाकरी केली" असे आई म्हणते तेव्हा ती आपल्याला एक बातमी देते. आपण ऐकून घेतली की व्यवहार पुरा झाला. "भाकरी खाणार का?" असे ती म्हणते तेव्हा आपल्याकडून काहीतरी मागते. आपण "हो" किंवा "नको" म्हटल्याशिवाय तो व्यवहार पुरा होत नाही. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर सांगणे म्हणजे जमा करणे आणि विचारणे म्हणजे येणे बाकी ठेवणे. हाताने दाखवायचे तर, सांगताना मूठ पुढे करून समोरच्याच्या हातात खडा ठेवावा आणि विचारताना रिकामा तळहात पुढे करावा. एवढे दाखवले की तीन-चार वर्षांच्या मुलालाही फरक उमगतो, असा आमचा अनुभव आहे.

आपली मराठी प्रश्न कसा करते?

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला प्रश्न करताना शब्दांची जागा बदलावी लागते. मराठीत तशी गरज पडत नाही. "तू जेवलास." हे सांगणे झाले. "तू जेवलास?" हे विचारणे झाले. शब्द तेच, क्रम तोच. बदलला तो फक्त आवाजाचा चढ. शेवटचा सूर वर गेला की प्रश्न, खाली आला की सांगणे. म्हणजे मराठी मुलाचे पहिले व्याकरण त्याच्या कानात असते.

दुसरी खूण म्हणजे 'का' किंवा 'काय' हा शेवटी येणारा शब्द. "तू जेवलास का?", "पाऊस पडला काय?" तिसरी खूण 'क'च्या घराण्याची: काय, कोण, कुठे, कधी, केव्हा, कसा, किती, कोणता. कुणी 'का' म्हणतो, कुणी 'कामून' म्हणतो, कुणी 'कशापायी' म्हणतो. बोली कोणतीही असो, बहुतेक प्रश्नांच्या दारावर 'क' हाच पहारेकरी उभा असतो. मुलांना हे सांगितले की फार गंमत वाटते. ती दिवसभर 'क'चे शब्द शोधत बसतात.

'का' हा शब्द जागा बदलला की काम बदलतो, तेही मुलांना दाखवावे. "तू रडलास का?" यात रडणे झाले की नाही एवढेच विचारले आहे. "तू का रडलास?" यात रडणे झाले हे धरून चालून कारण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एका शब्दात होते. दुसऱ्याला गोष्ट सांगावी लागते. पोर पडून आले की आपण दोन्ही प्रश्न विचारतोच. फक्त सावकाश, वेगळे करून विचारावेत.

आणि ते वाकडे चिन्ह? प्रश्नचिन्ह मूळचे आपले नव्हे. जुन्या पोथ्यांत दंड असे आणि मोडीत तर विरामचिन्हे नव्हतीच. मराठीत विरामचिन्हांची पद्धत इंग्रजीवरून आली आणि ती रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. "विरामचिन्हांची परिभाषा" हे त्यांचे पुस्तक १८५० सालचे. त्याआधी शेकडो वर्षे मराठी माणूस प्रश्न विचारतच होता. चिन्ह नंतर आले, प्रश्न आधीचा. शिकवतानाही हाच क्रम ठेवावा. आधी कान, मग तोंड आणि शेवटी पाटीवरचे चिन्ह. पुष्कळ ठिकाणी हे उलटे होते. मुलगा सुरेख प्रश्नचिन्ह काढतो, पण त्याला प्रश्न म्हणजे काय हे ठाऊक नसते.

फसवी वाक्ये

'क' दिसला की प्रश्न, असा सरळ नियम देऊन मोकळे झालो तर मूल फसते. काही वाक्ये प्रश्नाचा सदरा घालून येतात, पण आत प्रश्न नसतो.

"दादा कुठे गेला ते मला माहीत नाही." यात 'कुठे' आहे, पण बोलणारा विचारत नाही, सांगतो आहे. म्हणून शेवटी पूर्णविराम. "किती गोड पेरू आहे!" यात 'किती' आहे, पण पेरू मोजायला कुणी सांगितलेले नाही. तो उद्गार आहे. "दार लावतोस का?" याला प्रश्नाचे रूप आहे, पण ती आज्ञा आहे. यावर मुलाने नुसते "हो" म्हटले आणि बसून राहिले तर आई रागावते. मूल मात्र आपल्या परीने बरोबर असते, कारण प्रश्नाला त्याने उत्तर दिलेले असते. "माझं कोण ऐकतं या घरात?" याचा अर्थ कुणी ऐकत नाही, असा आहे. त्यावर "मी ऐकतो" म्हणणारे पोर खोडकर ठरते.

सगळ्यांत फसवा प्रश्न म्हणजे "तुला अक्कल आहे का?" याला उत्तर नको असते. "कळत नाही का?", "कितीदा सांगायचं?", "डोळे फुटले का?" ही सगळी रागावणी प्रश्नाच्या वेशात येतात. ज्या मुलाच्या कानावर दिवसभर असेच प्रश्न पडतात, त्याच्या मनात प्रश्नाचा सूर म्हणजे मार बसण्याची सूचना, असे समीकरण पक्के होते. मग शाळेत बाईंनी प्रेमाने "सांग बरं, हे कोणतं फूल?" म्हटले तरी ते मान खाली घालते. लोक म्हणतात, त्याला येत नाही. आम्ही म्हणतो, ते घाबरते. रागवायचे तेव्हा सरळ रागवावे. "असं करू नकोस" हे साधे वाक्य त्याला पुरते. प्रश्नाचा सूर मात्र खऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवावा.

चिन्हाचे महत्त्व थोड्या मोठ्या मुलांना दाखवायचे असेल तर बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावे फळ्यावर लिहावीत. "शूद्र पूर्वी कोण होते?" हे १९४६ च्या ग्रंथाचे नाव सरळ प्रश्न आहे. मे १९३६ मध्ये मुंबईला केलेले भाषण "मुक्ती कोन पथे?" या नावाने आपल्या घराघरांत आहे. तोही प्रश्नच. परंतु काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या विषयावरच्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथाचे नाव प्रश्नाच्या नव्हे, विधानाच्या रचनेत आहे. तिथे बाबासाहेब विचारत नाहीत, दाखल्यांसह सांगत आहेत. मराठीत मात्र तेच शब्द मांडले की प्रश्न आणि विधान अगदी सारखे दिसतात. ते विचारणे की सांगणे, हे शेवटचे छोटे चिन्हच ठरवते. सातवी-आठवीच्या मुलांशी यावर अर्धा तास छान चर्चा होते.

वयाप्रमाणे काय अपेक्षा ठेवावी?

घाई नको. दोन-अडीच वर्षांचे मूल "हे काय?", "आई कुठं?" असे विचारू लागते. जे दिसते, हाताला लागते त्याचे प्रश्न आधी येतात. 'का', 'कसे', 'कधी' हे प्रश्न साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात, कारण कारण आणि काळ डोळ्यांना दिसत नाहीत. याच वयात "का?" चा भडिमार होतो आणि आईबाप कंटाळतात. तो भडिमार म्हणजे पीक तरारून वर येण्याची वेळ. तेव्हा पाणी तोडू नये.

चार ते सहा या वयात मूल प्रश्न विचारते, पण "प्रश्न विचार" असे सांगितले की गोंधळते. विचारणे जमणे आणि 'प्रश्न' या शब्दाचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांपुढे उठलेले ते हात याच वयाचे असतात. सहा ते आठ या वयात वाक्य ऐकून "हा प्रश्न" किंवा "हे सांगणे" असे नाव देता येते, चिन्ह घालता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यात भिंत नसावी. या विषयापुरते तरी ते आम्हांस पटते.

एक सूचना महत्त्वाची. जे मूल प्रश्नाच्या सुराला कधीच प्रतिसाद देत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, त्याला हट्टी किंवा मंद म्हणण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुले तपासतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आपली शंका डॉक्टरांना आपणहून सांगावी.

विनाखर्चाचे खेळ

आम्ही रविवारी विहारात बालवर्ग घेतो. तिथे आणि घरी चालणारे काही खेळ पुढे देत आहोत. यांना पैसा लागत नाही. चिंचोके, खडे आणि पाटी-खडू पुरे.

पहिला खेळ मूठ आणि तळहाताचा. मोठ्याने एकेक वाक्य म्हणावे. "चिमणी उडाली." मुलांनी मूठ दाखवावी. "चिमणी कुठं उडाली?" मुलांनी तळहात पसरावा. पाच मिनिटांत वर्ग रंगतो. हात जमला की फसवी वाक्ये मधूनच सोडावीत.

दुसरा खेळ सुरांचा. एकच वाक्य घ्यावे, "आजी आली". ते बातमी देताना कसे म्हणाल? विचारताना कसे? आनंदाने ओरडताना कसे? तीन मुले तीन सुरांत म्हणतात आणि बाकीची ओळखतात. ज्यांना अजून लिहिता-वाचता येत नाही तीही यात पुढे असतात. आजी-आजोबांना या खेळात जरूर घ्यावे.

तिसरा खेळ बाजाराचा. एक मूल भाजीवाली, दुसरे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने फक्त विचारायचे, भाजीवालीने फक्त सांगायचे. "मेथी कशी दिली?" "दहाला जुडी." "ताजी आहे का?" "सकाळीच तोडली." नंतर जागा बदलायच्या. आठवडे बाजार पाहिलेल्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. शेवगावचा असो की घोडेगावचा, बाजार पाहिलेले लेकरू भाव करण्यात आपल्यालाच हरवते.

चौथा खेळ पिशवीचा. पिशवीत एक वस्तू लपवावी. मुलांनी प्रश्न विचारून ती ओळखायची. "गोल आहे का?", "खायची आहे का?" कुणी "मला माहीत आहे, तो लिंबू आहे" म्हटले तर त्याला थांबवून सांगावे, "आता हेच विचार." तो म्हणतो, "तो लिंबू आहे का?" सांगण्याचे विचारणे कसे होते हे त्याला स्वतःच सापडते.

पाचवा खेळ पाहुण्याचा, आणि तो सर्वांत उपयोगी. वस्तीतील एखाद्या नर्सताईंना, एस.टी.च्या वाहकाला किंवा गवंडीकाम करणाऱ्या दादांना बालवर्गात बोलवावे. आदल्या रविवारी मुलांशी बोलून ठेवावे की, आपल्याला त्यांच्याकडून काय काय जाणून घ्यायचे आहे. मुलांचे प्रश्न मोठ्याने पाटीवर लिहावेत. प्रत्येकाने आपला प्रश्न दोनदा म्हणून बघावा. मग पाहुणे आले की हात वर होतात आणि प्रश्न बाहेर पडतात. "तिकीट फाटलं तर काय करता?" "भिंत वाकडी झाली तर कसं कळतं?" पाहुण्यालाही आपल्या कामाचा मान वाटतो.

आणि तरीही एखादे मूल म्हणालेच, "आमच्या शेळीला करडं झाली", तर? आधी ते सांगणे आदराने घ्यावे. "अरे वा, दोन का? छान!" मग म्हणावे, "तू आम्हांला एक बातमी दिलीस. आता ताईंना काहीतरी विचार. त्यांच्या घरी शेळी आहे का, हे विचारशील?" ते विचारते. कुणी हसत नाही. पुढच्या वेळी तो हात पुन्हा वर येतो. आम्हांस तेवढेच हवे आहे.

घर मोठे की शाळा?

गरिबांच्या घरी बोलणे नसते, म्हणून मुले मागे पडतात, असे सुशिक्षितांकडून नेहमी ऐकू येते. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या अभ्यासकांनी लंडनमध्ये चार वर्षांच्या ३० मुलींचे घरातले आणि बालवाडीतले बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्यांत कामगारांच्या घरच्या मुली होत्या आणि मध्यमवर्गीय घरच्याही. १९८४ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात दिसले ते असे: त्या मुली घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या आणि बालवाडीत शिक्षिकेला तासाला फक्त २. कामगारांच्या घरांतही बोलणे भरपूर होते. त्याच मुली शाळेच्या दारात मुक्या होत होत्या.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एक, आपल्या घराला कमी समजू नये. भाकरी थापताना, पाणी भरताना, कापूस वेचताना आई मुलाशी जे बोलते ती मोठी शाळा आहे. दोन, शाळेत मूल गप्प असेल तर त्याच्या बुद्धीविषयी निकाल देण्याआधी तिथे त्याला विचारायला जागा मिळते का, ते पाहावे. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात. मुले अर्ध्या वर्षात शाळा बदलतात किंवा शाळेबाहेरच राहतात. नव्या गावात, नव्या बाईंपुढे प्रश्न विचारायला धीर लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच मुलांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथले. अंगणात मूल मालक असते आणि मालक प्रश्न विचारायला भीत नाही.

नगरचा वारसा

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) आणि प्रश्न यांचे नाते जुने आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्या इथल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८४२ साली "ज्ञानोदय" हे नियतकालिक सुरू झाले तेही याच नगरला. त्याच "ज्ञानोदय"मध्ये १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तो होता.

त्या मुलीने दोन्ही कामे केली. आपल्या लोकांवर काय काय बेतते ते तिने सांगितले, एकामागून एक, न डगमगता. आणि मग विचारले. धर्मग्रंथ आम्हांला पाहायचीही मनाई असेल, तर आमचा धर्म कोणता? शाळेत जेमतेम तीन वर्षे गेलेल्या मुलीला सांगणे कुठे संपवावे आणि विचारणे कुठे सुरू करावे हे कळले होते. नुसते दुःख सांगितले असते तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. प्रश्न विचारला म्हणून उत्तर द्यायची पाळी दुसऱ्यावर आली. पावणेदोनशे वर्षे होत आली, तो निबंध अजून वाचला जातो.

मुलांसाठी प्रश्नोत्तरांची रीत आपल्या धम्मातही आहे. खुद्दकपाठात 'कुमारपञ्ह' म्हणून दहा छोटे प्रश्न आहेत. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे दहापर्यंत. अट्ठकथेप्रमाणे ते सात वर्षांच्या सोपाकाला विचारलेले आहेत. पहिल्याचे उत्तर असे की, सर्व प्राणी आहारावर जगतात. किती साधा प्रश्न आणि मुलालाही पटेल असे उत्तर! अंगुत्तर निकायात भगवंतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींना सरळ उत्तर द्यावे, काहींना फोड करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे आणि काही बाजूला ठेवावे.

आईबापांना हे चारही रोज उपयोगी आहेत. "आज शाळा आहे का?" याला सरळ उत्तर. "साप वाईट असतो का?" याची फोड करावी, की काही साप विषारी असतात आणि बरेचसे नसतात. "मी झाडावर चढू का?" यावर विचारावे, "फांदी किती जाड आहे?" आणि ज्याचे उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही त्याला "मला माहीत नाही, आपण बाईंना विचारू" असे म्हणून तो प्रश्न पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. "गप बस" हा पाचवा प्रकार कुठेही सांगितलेला नाही.

मोठेपणीची खिडकी

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? आम्ही कारकून आहोत. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून आम्ही रोज पाहतो. माणूस येतो आणि सांगू लागतो. अर्ज कधी दिला, किती खेपा झाल्या, कुणी काय म्हटले, घरची परिस्थिती कशी आहे. सगळे खरे असते. पण पाच मिनिटांनी आतला माणूस विचारतो, "मग तुमचं काय म्हणणं आहे?" त्या माणसाला आपल्यालाच प्रश्न केल्यासारखे वाटते आणि तो हताश होऊन परत जातो. तेच दुसरा येतो आणि विचारतो, "माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे? त्यात कोणता कागद कमी आहे? निर्णय किती दिवसांत देणे बंधनकारक आहे?" त्याला टाळणे अवघड जाते.

आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात २००२ साली माहिती अधिकाराचा कायदा आला आणि २००५ साली तो देशभर झाला. या कायद्यात माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही. मात्र मागायचे ते नेमके मागावे लागते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाने अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, "असे का केले?" याचे स्पष्टीकरण हे या कायद्याखालील 'माहिती'त बसत नाही. म्हणजे "माझे नाव घरकुलाच्या यादीतून का वगळले?" असे लिहिले तर उत्तर मिळेलच असे नाही. "यादी तयार करताना झालेल्या सभेच्या इतिवृत्ताची आणि माझ्या नावासमोरील शेऱ्याची प्रत द्यावी" असे लिहिले तर कागद हाती येतो. 'का' चा प्रश्न 'कोणता कागद' मध्ये बदलता आला पाहिजे. ही विद्या चाळिसाव्या वर्षी शिकणे जड जाते. पाचव्या वर्षी पिशवीत लिंबू ओळखताना तिची सुरुवात होते.

ग्रामसभेतही हेच. आपली माणसे तावातावाने बोलतात, पण कार्यवृत्तात काही उतरत नाही, कारण प्रश्न नोंदवलेला नसतो. आपल्या आजोबा-पणजोबांना प्रश्न विचारण्याची बंदी होती. चावडीसमोर ऐकायचे आणि मान हलवायची, एवढेच त्यांच्या वाट्याला होते. ती बंदी कायद्याने गेली. जिभेवरून आणि मनातून ती काढायचे काम घरातच करावे लागेल.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, यासाठी क्लास लावायला नको, फी भरायला नको. रात्री जेवताना प्रत्येकाने ताटावर एक गोष्ट सांगावी आणि एक प्रश्न विचारावा. धाकट्यापासून सुरुवात करावी आणि बापानेही त्यातून सुटू नये. मूल चुकले तर हसू नये. त्याच्या प्रश्नाचे उत्तर येत असेल तर द्यावे, येत नसेल तर तसे सांगावे. आणि मूल शाळेतून आले की "आज काय शिकवलं?" एवढ्यावर थांबू नये. त्याला विचारावे, "आज तू काय विचारलंस?"